प्रोफेसरांचं ‘कशावरून?’

प्रोफेसरांना बसून बोलता येत नसे. कॉलेजात वर्षानुवर्षं अर्थशास्त्र शिकवल्याची ती खोड. रेवसजवळच्या आमच्या सरकारी कारखान्याचे मुख्य होऊन आले तरी मजकूर सांगताना ते खोलीभर येरझाऱ्या घालत, आणि टाइपरायटरशी बसलेली मी मान वळवून वळवून बेजार होई. एकदा म्हटलंच, “साहेब, माझ्या मानेचा तरी विचार करा.” ते थबकले. “मान माझ्या चालण्यानेच दुखते, हे कशावरून?”

‘कशावरून?’ हा त्यांचा लाडका प्रश्न. लाकूड ओलं आहे म्हणा, लाँच उशिरा येणार म्हणा, कशावरून? मला भारी राग यायचा. पण एकदा हाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता, आणि त्यापायी आमचा कारखाना बुडायला आला होता.

आम्ही नव्या शाळांसाठी बाकं बनवायचो. आषाढ आला की निम्मे कामगार गैरहजर. प्रोफेसर तेव्हा मुंबईत सरकारला सल्ला देत. हजेरीपट पाहून त्यांनी तिथूनच अहवाल लिहिला, की माणसं कामचुकार आहेत, कारखाना बंद करावा. मग सरकारने तो बंद करायलाही त्यांनाच पाठवलं.

आल्यावर आठवडाभर ते शेडमध्ये ज्याला त्याला ‘कशावरून?’ विचारत हिंडले. शेवटी पदू मिस्त्रीने रंधा खाली ठेवला. “प्रोफेसर, आमी कामचोर, ह्ये कशावरून? उद्यापासून मीबी येनार न्हाय. लावणी हाय. भात काय कचेरीत उगवतं?”

प्रोफेसर चक्क खाली बसले, समोरच्या ओंडक्यावर. दुसऱ्या दिवशी चपला हातात घेऊन मिस्त्रीच्या शेतात उतरले आणि संध्याकाळी कंबर धरून, लंगडत परतले. त्यांनी लावलेली रोपं मिस्त्रीच्या बायकोने मागाहून गुपचूप सरळ केली, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग त्यांनी नवा अहवाल सांगितला. बाकं शाळा उघडण्याआधी पोचवावीत, लावणीचे दिवस कारखान्याला कुलूप लावावं आणि ते काम हिवाळ्यात भरून काढावं. शेवटी एक वाक्य होतं: ‘पहिला अहवाल मी इथे न येता लिहिला, ती माझी चूक.’ मी ते वाक्य टाइपच केलं नाही. सही करताना त्यांनी विचारलं, “बाई, शेवटचं वाक्य कुठे गेलं?”

“साहेब, अशानं तुमची नोकरी जाईल.”

“मला दुसरी मिळेल. यांना कुठे मिळणार?”

मी पान पुन्हा टाइप केलं. डोळे भरून आले होते, त्यामुळे तीनदा चुकले.

कारखाना तगला. प्रोफेसरांची नोकरीही टिकली. उलट सरकारने आणखी दोन रडतखडत चाललेले कारखाने त्यांच्या गळ्यात बांधले. तेही त्यांनी मार्गी लावले. पुढे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. निरोपाला सगळा कारखाना रेवसच्या धक्क्यावर लोटला. लाँचमध्ये चढताना ते म्हणाले, “लावणीला येईन बरं.”

“कशावरून?” मिस्त्री ओरडला. सगळे हसले.

आले ते. दर आषाढात आले. एवढ्या मोठ्या कंपनीचा मुख्य धोतर खोचून चिखलात वाकायचा आणि मिस्त्रीच्या शिव्या खायचा. रोपं शेवटपर्यंत वाकडीच लागली.

एका आषाढात त्यांच्याऐवजी तार आली. ती घेऊन मी बांधावर गेले. मिस्त्रीने एक वाफा मोकळा ठेवला होता, प्रोफेसरांसाठी. मी कसंबसं म्हटलं, “मिस्त्री, प्रोफेसर गेले.”

चिखलातून त्याने वर पाहिलं. “कशावरून, बाय?”

तार माझ्या मुठीत होती. ती मला दाखववेना.