समासातली आन्ना

या ग्रुपवरचे भुताखेतांचे किस्से माझा नवरा मोठ्याने वाचतो आणि मी भाजी चिरता चिरता त्यांची वाट लावते. पंखा, उंदीर, पित्त नाहीतर दारू — या चारांत बसला नाही असा किस्सा मला तरी भेटला नव्हता. आता मलाच एक लिहायला लागतोय. तेव्हा हसा, माझी हरकत नाही.

मी बर्नडेट, सगळ्यांची बर्नी. मूळची वसईची, वय त्रेपन्न. अकरा वर्षं आमच्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ऑफिसात बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले लिहिले. जुनी रजिस्टरं लॅटिनमध्ये असायची, त्यामुळे कामापुरतं लॅटिन वाचता येतं. गेली सोळा वर्षं शारजात आहे. रोला भागात एका कॅफेटेरियाच्या वर मुनाफभाईंचं टायपिंग सेंटर आहे — व्हिसाचे फॉर्म, अटेस्टेशन, भाषांतरं — तिथे मी काम करते. मुनाफभाई रत्नागिरीकडचे. माणूस सज्जन, पण प्रिंटर त्यांच्या जिवापेक्षा प्यारा.

माझी मावसबहीण सेल्मा तेव्हा दुबई मरीनाला राहायची. नवरा स्टीव्ह, अमेरिकन. लग्न आमच्या वसईच्या चर्चमध्ये लागलं, एकोणीस वर्षांपूर्वी. मी ब्राइड्समेड होते. मुलगी तान्या, तेव्हा बारावीत.

गेल्या वर्षी स्टीव्हच्या डोक्यात स्लोव्हाकिया शिरलं. त्याचा पणजोबा तिथून पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत गेला होता. पणजोबाचा जन्म सिद्ध केला तर स्टीव्हला तिकडचं नागरिकत्व मिळू शकत होतं. त्याला ब्रातिस्लाव्हात नोकरी चालून आली होती आणि कंपनीला युरोपचा पासपोर्ट हवा होता.

"बर्नी, तुला ती चर्चची पुस्तकं वाचता येतात ना? घरचंच काम आहे," तो म्हणाला. स्टीव्ह इंग्रजीतच बोलतो, मी इथे मराठीत लिहितेय.

मला हे काम आवडतं, खोटं कशाला बोलू. तीन शुक्रवार लागले. अमेरिकेच्या कागदांत गाव म्हणून जिल्ह्याचंच नाव होतं. जहाजाच्या यादीत खरं गाव सापडलं — पूर्वेकडच्या डोंगरातलं, पन्नास-साठ घरांचं. तिथली रजिस्टरं स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत. घरी यान, रजिस्टरात योहानेस, पेनसिल्व्हेनियात जॉन... माणूस एकच. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. स्वच्छ अक्षर, समास कोरा.

सवयीने मी लग्नाचं रजिस्टरही चाळलं, आणि तिथे यान पुन्हा भेटला. जहाजात बसण्याआधी दोन वर्षं त्याच चर्चमध्ये त्याचं लग्न झालं होतं. बायको आन्ना. पुढच्या वर्षी मुलगी. अमेरिकेतल्या लग्नाच्या कागदावर मात्र हाच गृहस्थ "अविवाहित" म्हणून उभा होता, शेजारी दुसरी बाई. स्टीव्ह त्या दुसरीचा पणतू.

आमच्यात एक पद्धत आहे. लग्न जगात कुठेही लागो, ते बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवतात आणि तिथला फादर मूळ नोंदीशेजारी समासात ते लिहून ठेवतो. पुन्हा बोहल्यावर चढायचं तर ताजा दाखला आणावा लागतो, आणि समास बोलतो. यानच्या काळी हे सगळीकडे होत नव्हतं. म्हणून तो निसटला.

स्टीव्हला सांगितलं तर तो खो खो हसला. "म्हातारा भारीच होता की! ते पान सोडून दे, बर्नी. त्यांना फक्त जन्म हवाय."

ते खरंच होतं. मी बाप्तिस्म्याचंच पान प्रिंटला दिलं.

दुपारचे बारा वाजले होते, सेंटर माणसांनी भरलेलं. कागद बाहेर आला तर समासात एक ओळ. बारीक, तिरकी, बोरूने लिहिल्यासारखी. उक्सोर आन्ना वीवित. पत्नी आन्ना जिवंत आहे.

स्क्रीनवर पाहिलं... समास कोरा. पुन्हा प्रिंट काढली. ओळ आहे. दुसऱ्या प्रिंटरवर काढली. ओळ आहे.

"मुनाफभाई, जरा इकडे या. हे काय आहे?"

त्यांनी कागद उचलला आणि पटकन खाली ठेवला. अंगठ्याला काळं लागलं होतं.

"बर्नीताई, शाई ओली आहे."

"लेझर प्रिंटर आहे हो. ओली कशी असेल?"

"तेच तर म्हणतोय मी!" त्यांनी अंगठा टिश्यूला पुसला. "टोनर बदलतो. आणि ही गोष्ट इथेच खलास. गिऱ्हाईक पळेल माझं."

टोनर बदलला. ओळ आलीच. मी ते कागद श्रेडरमध्ये घातले आणि कामाला लागले. सबमिशनला तसाही आमचा प्रिंट चालणार नव्हता. स्लोव्हाकियाच्या अर्काइव्हकडून शिक्का मारलेली नक्कल कुरियरने आली. समास कोरा होता. मी भिंग लावून पाहिला.

त्याच आठवड्यात स्टीव्हने फाइल कॉपी करायला म्हणून माझ्याकडे पाठवली. चुकून त्यात त्याने स्वतः भरलेला अर्जही आला. वैवाहिक स्थितीच्या चौकटीत टिक होती. अविवाहित.

मी लगेच फोन लावला. तो तासाभरात आला, घाम पुसत.

"तो फक्त एक फॉर्म आहे, बर्नी."

"मग खरं लिही."

"बघ, मी तिकडे एकटा जाणार नाहीये. कळलं ना? ऑफिसमधली एक आहे. तिकडे गेल्यावर लग्न करू. आणि तुमचं ते वसईचं लग्न... ते अमेरिकेत कुणाला माहीत आहे?"

"माझ्या बहिणीला माहीत आहे."

"तुझ्या बहिणीचा व्हिसा माझ्यावर आहे. तान्याचाही. तू तोंड उघडलंस तर उद्या सकाळी दोन्ही कॅन्सल. मुलीचं बारावीचं वर्ष... तूच विचार कर."

एवढं बोलून त्याने टेबलावरची माझी खजुराची डबी उघडली आणि एक खजूर तोंडात टाकला. या माणसाच्या लग्नात मी पदरमोड करून केक आणला होता!

संध्याकाळी मरीनाला जाऊन मी सेल्माला सगळं सांगितलं. ती रडली नाही. किचनचं दार लावून घेतलं फक्त.

"मला वास आला होता गे," ती म्हणाली.

"मग चल, वकील बघू."

"नाही. तान्याची परीक्षा होईपर्यंत तू गप्प बसायचं. व्हिसा गेला तर शाळा गेली. बर्नी, तुझ्या पाया पडते."

"आणि तोवर तो पासपोर्ट घेऊन जाईल की!"

"जाऊ दे. माझी पोरगी शिकू दे."

बाहेरून तान्याने विचारलं, "मॉम, व्हॉट्स फॉर डिनर?" आणि सेल्माने दार उघडून नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं. तेव्हा मला जे वाटलं ते कन्फेशनमध्येही सांगितलेलं नाही. त्या माणसाचं वाटोळं व्हावं, आणि ते मला डोळ्यांनी बघायला मिळावं. एवढंच. रोज सकाळी जपमाळ हातात घेऊन मी हेच मागत होते.

पंधरा दिवसांनी अबू धाबीच्या वकिलातीत अपॉइंटमेंट होती. रजिस्टरबद्दल विचारलं तर सांगायला म्हणून स्टीव्हने मला सोबत नेलं. माझं तोंड बंद आहे याची त्याला खात्री होती. गाडीत शीळ घालत होता. आत जाण्याआधी पार्किंगमध्ये मी फाइल शेवटची तपासली. नक्कल जागेवर, समास कोरा. ते पान त्याने स्वतःही पाहिलं. मग फाइल त्याच्या काखेत गेली, ती थेट काउंटरवर निघाली.

काउंटरमागे चाळिशीची बाई होती. एकेक कागद उलटत नक्कलेपाशी थांबली. चष्मा वर केला.

"इथे समासात दोन नोंदी आहेत," ती म्हणाली. "पहिली, पत्नी आन्ना जिवंत आहे. दुसरीत... सर, सेल्मा कोण?"

स्टीव्हने माझ्याकडे पाहिलं. मी काचेखालचा कागद पाहिला. तीच तिरकी ओळ. तिच्याखाली, त्याच अक्षरात, सेल्माचं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव, आमच्या पॅरिशचं नाव, लग्नाची तारीख. आणि शेवटी तोच शब्द. वीवित.

"यातली कोणी तुमच्या ओळखीची आहे का, मॅडम?" तिने मला विचारलं.

मी सेल्माला गप्प बसायचा शब्द दिला होता. पण सरकारी माणसाने समोरासमोर विचारल्यावर खोटं बोलायचा शब्द दिला नव्हता.

"सेल्मा माझी मावसबहीण," मी म्हटलं. "यांची बायको. लग्नाला मी हजर होते."

"तुम्ही अविवाहित लिहिलंय, सर."

"हे हिने लिहिलंय!" स्टीव्ह ओरडला. "ही बाई फ्रॉड आहे!"

बाईने नक्कल उजेडात धरली, शिक्का पाहिला, मग कागदाची कड. "शाई शिक्क्याच्या खाली आहे," ती शांतपणे म्हणाली. म्हणजे आधी ओळी, नंतर शिक्का. तिने नक्कल आणि अर्जाच्या दोन फोटोकॉपी काढल्या, एक त्याला दिली, एक मला, आणि अर्ज बाजूला ठेवला. खोट्या माहितीचा अर्ज पुढे जात नाही, असं तिने त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. मला त्या बाईच्या हाताचा मुका घ्यावासा वाटला.

 परतीच्या रस्त्यावर त्याच्या शेजारी बसून मी जबल अलीपर्यंत शीळ घातली. मला येत नाही, तरी घातली.

त्याने व्हिसा कॅन्सल करायची धमकी पुन्हा दिली, पण आता सेल्माच्या हातात ती फोटोकॉपी होती, त्याच्या खोट्या "अविवाहित"सकट. ती घेऊन ती वकिलाकडे गेली, आणि वकिलाचं पत्र पोहोचल्यावर स्टीव्हची जीभ आत गेली. ब्रातिस्लाव्हाची नोकरी गेली. ऑफिसमधली ती एकटीच दुसरीकडे निघून गेली. तान्याची परीक्षा झाली, चांगली झाली. सेल्मा ज्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती त्यांनी तिला स्वतःचा व्हिसा दिला. मायलेकी आता शारजात, आमच्याच इमारतीत राहतात. स्टीव्ह मरीनाला एकतिसाव्या मजल्यावर एकटा आहे. हे लिहिताना मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

अर्काइव्हला मी पत्र पाठवलं. त्यांनी मूळ पानाचा नवा फोटो धाडला. समास कोरा. त्यांच्या मते तो नेहमीच कोरा होता. मुनाफभाई या विषयावर बोलत नाहीत, प्रिंटर मात्र त्यांनी विकला. तुमच्यातले काही म्हणतील, बर्नीनेच लिहिलं असेल. लिहिलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं! मी फक्त मागितलं होतं. दुसऱ्या कुणी ऐकलं असेल तर ते कसं, हे मला माहीत नाही आणि कुणी पटेल असं सांगितलेलंही नाही.

गेल्या महिन्यात मी चर्चच्या ऑफिसात आन्नाच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगायला गेले. फादरनी वही उघडली. "आत्म्याला चिरशांती, असंच लिहू ना?"

"नको फादर," मी म्हटलं. "तिला शांत कशाला करताय? आभाराची मिस्सा लिहा."