चेनकाकांचं चूर्ण

गेल्या शनिवारी सकाळी, इथे अमेरिकेत, बॉथेलच्या आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात मला कळलं की माझे बाबा पंधरा दिवस कोंबडी खातायत...

बाबांनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. इथे आल्यापासून चष्मा लावून बिस्किटांच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचायचे. जरा शंका आली की पुडा परत शेल्फवर.

त्यांना जठराचा कॅन्सर आहे. केमो बंद केली. डॉक्टर म्हणतात, आवडेल ते द्या, आणि बाबांना काहीच आवडत नाही. मऊ भात, कढी, रव्याची खीर... मी ताट नेते आणि तसंच परत आणते.

शेजारी चेनकाका, मूळचे चीनचे, मुलीकडे राहतात. त्यांचं आणि बाबांचं इंग्रजी सारखंच दिव्य, त्यामुळे अंगणातल्या बाकावरची मैत्री खाणाखुणांवर. बाबा खाली बाकावर येईनासे झाले, तेव्हा काका वर आले, स्वतःच्या पोटावरून हात फिरवून दाखवला आणि एक बरणी माझ्या हातात दिली.

आत पिवळसर पूड होती. आपल्या डोक्यात पूड म्हणजे चूर्ण आणि चूर्ण म्हणजे शाकाहारी... सुंठ, ओवा, फार तर हिरडा. मी विचारलंसुद्धा नाही. कोमट पाण्यातून रोज द्यायला लागले आणि बाबा चार घास भात खायला लागले. नागपूरच्या आत्याला फोन करून कौतुकही सांगितलं.

शनिवारी काकांची मुलगी ग्रेस जिन्यात भेटली. थँक्स म्हटलं, तर तिने सगळं सांगितलं. कोंबडी पोटातल्या ज्या पिशवीत दाणे दळते, तिचं आतलं अस्तर. काका ते सोलून, धुऊन, बाल्कनीत वाळवतात, भाजून कुटतात. पचनासाठी त्यांच्याकडचा जुना उपाय. तिच्या आईला हाच आजार होता, शेवटपर्यंत हीच पूड दिली. उपयोग झाला नाही. आई गेली, पण काकांचं वाळवणं थांबलं नाही.

मला काकांचा रागच आला. मग स्वतःचा. नवरा म्हणाला, सांगू नकोस, चार घास जातायत ना पोटात. त्याचंही खरं होतं. पण ज्या माणसाने जन्मभर एक गोष्ट पाळली, त्याची ती शेवटी त्याच्या नकळत मोडायची? मला ते जमेना.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं... आता ते चार घासही गेले.

"त्याच्या बायकोला गुण आला होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"आणि तरी करत बसतो..." त्यांनी डोळे मिटले. "उद्या त्याला बोलाव. त्याच्यासमोर घेईन."

रविवारी काका आले. बाबांनी त्यांच्या देखत पेला तोंडाला लावला. घोट उतरत नव्हता, पण तळापर्यंत संपवला. काकांनी रुमालाने त्यांचं तोंड पुसलं आणि मग तोच रुमाल स्वतःच्या डोळ्यांना लावला.

काका गेल्यावर मी भात आणला. बाबांनी नको म्हणून मान हलवली. तेव्हापासून नुसतं पाणीच घेतायत, पूडही नाही.

आता काय होणार ते मला माहीत आहे. तरी असा बाप मला अजून थोडे दिवस हवाय... बाकी काही मागणं नाही.