डावीकडे झुकलेला ट्रक

मी ऑर्डरची चित्रं काढते. लोक मोबाईलवर फोटो पाठवतात, मी कॅनव्हासवर रंगवून देते. नवरा-नवरी, देवाघरी गेलेले आजोबा, एकदा तर एका घरची बैलजोडी. चित्रकलेचं शिक्षण माझ्याकडे नाही. मी बी.ए. आहे, इतिहास घेऊन, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. नेरला आमची पिठाची चक्की आहे, आई चालवते. तिच्यामागच्या खोलीत माझे रंग.

वणीच्या एका ताईंनी मला ट्रकचं चित्र सांगितलं. ताई तिथल्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क. त्यांच्या वडिलांनी जन्मभर स्वतःचा ट्रक चालवला, खाणीतला कोळसा वाहिला. रात्रीचं नीट दिसेना तेव्हा विकून टाकला. तेव्हापासून ते दारात खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ड्रायव्हरने कोणता गिअर टाकला ते सांगतात. ताईंना बैठकीत तो ट्रक लावायचा होता.

फोटो एकच सापडला. त्यात लहानपणच्या ताई फ्रॉक घालून उभ्या आणि मागे अर्धंच बोनेट. मग बाकीचा ट्रक मला काकांनी, म्हणजे ताईंच्या वडिलांनी, फोनवर सांगितला. कोणता निळा, आरशाला कोणत्या रंगाचे गोंडे, मागच्या फळीवर काय लिहिलेलं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "अन् आयक बेटा, डावीकडं झुकव तिले. डाव्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसले होते. कितीदा नवे टाकले, पुन्हा बसेच."

मी झुकवला. सरळ ट्रक काढणं सोपं असतं. सगळ्या रेषा बरोबर ठेवून एकच बाजू खाली बसलेली दाखवणं अवघड, आणि ते मला जमलं होतं. मी खूश होते. चित्रकारांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये मी आहे. राज्यभरातले लोक आहेत, शिकलेले, शिकवणारे. तिथे फोटो टाकला आणि खाली फक्त एवढंच लिहिलं: ट्रक, ऑर्डरचं काम.

चहा होईपर्यंत कमेंट सुरू झाल्या. 'ड्रायव्हर प्यायलाय की चित्रकार?' 'ट्रकला लकवा मारला वाटतं.' 'ताई, आधी पर्स्पेक्टिव्ह शिका, मग ऑर्डरी घ्या.' एकाने तर माझ्या चित्रावर लाल रेघा मारून ट्रक कुठे कुठे वाकडा आहे ते दाखवलं आणि खाली लिहिलं, 'ज्याने हे विकत घेतलं त्याची कीव येते.' त्याला भरपूर हसरे चेहरे मिळाले.

आई पिठाने पांढरी झालेली, दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं व? तोंड कायले पाडलं?"

मी तिला वाचून दाखवलं.

"हे कोण होत? तुह्या ओळखीचे आहेत का?"

"नाही."

"मंग यायले तो ट्रक माहीत आहे का?"

"नाही ना."

"मंग कायले जीवाले लावून घेऊन राह्यली?" असं म्हणून ती गेली, कारण बाहेर कोणीतरी डबा आपटत होतं.

आईला हे सोपं वाटलं, मला वाटत नव्हतं. त्या लोकांना ट्रक माहीत नव्हता, पण चित्रकला माहीत होती. आणि मी शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये चक्कीवर बसलेली मुलगी आहे. पीठ जाडं आलं म्हणून बाई परत आली, की मी तिच्याशी भांडत नसे आणि लगेच माफीही मागत नसे. डब्यातून चिमूट घ्यायची, अंगठ्याने बोटावर चोळायची. रवाळ लागलं तर दगडाची पकड सारखी करून पुन्हा दळून द्यायचं. नाही लागलं तर सांगायचं, पीठ बरोबर आहे काकू, न्या. मी तसंच केलं. चित्र समोर ठेवलं आणि एकेक कमेंट घेऊन बसले.

लकवा, दारू, कीव, यांत चोळून बघायला काही नव्हतंच. वाकडेपणाचं सगळं मी पुन्हा मोजलं. ट्रक झुकला होता तो मी झुकवला म्हणून. पण सगळ्यात खाली एका बाईंची कमेंट होती, तिच्याकडे कोणी बघितलंही नव्हतं. 'ऊन उजवीकडून येतंय, मग मागच्या चाकाची सावलीही उजवीकडे कशी?' मी बघितलं. खरंच चुकली होती. पट्टी-पेन्सिलीत एवढी गुंतले होते की सावलीकडे लक्षच गेलं नव्हतं. त्याच दुपारी मी ती सावली पुसून दुसऱ्या बाजूला रंगवली आणि त्या बाईंना उत्तर लिहिलं, 'बरोबर आहे. सुधारली. आभार.' बाकी कोणाला काही लिहिलं नाही. पोस्टही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी वणीच्या ताईंचा फोन आला.

"अहो, आमच्या ऑफिसातली एक जण तुमच्या त्या ग्रुपवर आहे, तिने सगळ्यांना दाखवलं. हसून राह्यले सगळे. तुम्ही तो ट्रक सरळ करून द्या ना."

"काकांनीच झुकवायला सांगितला होता ताई."

"बाबांचं काय, ते काहीही सांगतात. बैठकीत येणारा-जाणारा पाहील. बाबांना कोणी हसलेलं मला चालणार नाही."

ताईंचं म्हणणं काही पैशाचं नव्हतं, बापाच्या मानाचं होतं. पण ट्रक सरळ केला असता तर तो दुसऱ्या कोणाचातरी ट्रक झाला असता, आणि खाली सही माझी असती. मी म्हटलं, "काकांना दाखवते. ते सरळ म्हणाले तर तिथेच बसून सरळ करते." रंगांचा डबा पिशवीत टाकला, कॅनव्हास चादरीत गुंडाळला आणि सकाळची बस धरली. कंडक्टर म्हणाला, "काच हाय का? फुटली तं आमची जबाबदारी नाही."

काकांनी चित्र खुर्चीवर ठेवायला लावलं आणि स्वतः उभे राहिले. ताई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"लोक काय म्हणून राह्यले याले?" काकांनी विचारलं. "वाच बरं."

"बाबा, राहू द्या ना."

"तू चूप. वाच बेटा."

मी वाचलं. दारू वाचलं, लकवा वाचला, कीवही वाचली. लकव्याला काका एवढे हसले की त्यांना खोकला आला.

"बरोबर म्हणते तो! मी तं लंगडीच म्हणो तिले. चाल व लंगडे, म्हटलं की घाट चढे." मग ते चित्राच्या अगदी जवळ गेले. "तू हात राखून झुकवली, बेटा. हे अजून उलिशी खाली पाहिजे."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी ताईंकडे. मग मी त्यांच्या बैठकीत, फरशीवर बसून, ट्रकची डावी बाजू आणखी खाली आणली. काका खुर्चीत बसून सांगत होते, "बस, बस... आता थांबव." जणू मी गाडी रिव्हर्स घेत होते. ताईंनी चहा आणला आणि तिथेच बसल्या. मधेच म्हणाल्या, "हे गोंडे मी ओवले होते, बाबा."

रंग वाळल्यावर मी सही केली. भिंतीवर खिळा तयारच होता. पण काका आत गेले ते देवघरातली कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आले, त्यात पाण्याचा थेंब टाकला, बोट बुडवलं आणि माझ्या निळ्या बोनेटवर, थेट कॅनव्हासवर, स्वस्तिक काढलं.

"बाबा!" ताई ओरडल्या. "चित्र खराब झालं ना!"

"गाडी बिना पूजेची दारात लावते का कोणी?"

माझ्या इतक्या दिवसांच्या कामावर ओला लाल ओघळ उतरत होता. मी पुसायला फडकं काढलं नाही. माझं काम कोणी एवढं खरं मानलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. उलट मी चित्र तसंच खिळ्यावर टांगलं, मोबाईल काढला आणि भिंतीवरच्या ट्रकचा, ओघळासकट, फोटो घेतला.

परतीच्या बसमध्ये तो त्याच ग्रुपवर टाकला. यवतमाळ येण्याआधीच पहिली कमेंट आली: 'आता तर आणखीनच वाकडा! आणि बोनेटवर तो लाल डाग कसला?'

या वेळी मी उत्तर दिलं. 'गाडीची पूजा झाली आहे. मालक खूश आहेत. पुढची ऑर्डर घेणे सुरू.'