उकंडभाऊजींची वापरलेली मोटार

दुपटं अर्धंच टाचून झालं होतं. पाच घरून मागून आणलेली जुनेरं होती ती. कुणाच्या लुगड्याचा पदर, कुणाची विरलेली बंडी, माझ्या लग्नातल्या शालूचा एक तुकडा. देवाजवळ दिवा लावायची वेळ झाली म्हणून सुई कापडात तशीच खोचून उठले, तर पायरीशी उकंडभाऊजी उभे. किती वेळचे उभे होते देव जाणे.

"निजलं काय वयनी?"

"आत्ताच निजलं. या, वर या."

"दूध पेलं?"

"बोळ्यानं पाजलं. पेलं तेवढंच ओकलं. म्हशीचं जड होऊन राह्यलं त्याले."

ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले. मी दिवा लावला, देवीला हात जोडले, पण चित्त लागलं नाही. गावात लोक बोलतात की मोटारीनं पोर खाल्ली. बोलणाऱ्यांना काय, त्यांना भाऊजी ठाऊक नाहीत. म्हणून आज वहीतल्या रोजच्या रामनामाच्या ओळी लिहून झाल्यावर त्यांच्याविषयी लिहून ठेवते.

उकंडभाऊजी म्हणजे आमच्या घरच्यांचे चुलतभाऊ, वयानं धाकटे. त्यांच्या आईची मुलं पाळण्यातच जात. हे जन्मले तेव्हा सुईणीनं त्यांना उकिरड्यावर लोळवलं, दुसऱ्याच एका बाईनं उचललं, आणि आईनं सूपभर कोंडा देऊन आपलंच लेकरू तिच्याकडून विकत घेतलं. टाकून दिलेल्या जिवाकडे मरण वळून पाहत नाही म्हणतात. म्हणून नाव उकंडा. अंगाला नवं कापड लागू दिलं नाही, पाच घरची जुनेरं घातली. ते जगले. तेव्हापासून त्यांच्या मनात पक्कं बसलं की नव्याला नजर लागते, वापरलेलं टिकतं. नांगर घेतला तो जुना, छत्री घेतली ती जुनी. लग्नात डोक्याला बांधलेला फेटाही मामाचा उतरलेला. त्यांची बायको मनकर्णा हसायची, "बरं झालं व माय, बायको तरी कोरी करकरीत केली!"

ही मनकर्णा दुसऱ्या बाळंतपणात अडली. गाडीत घालून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेत होते. बैल म्हातारे, वाट फुफाट्याची. चिखली यायच्या आधीच ती गेली, पोटातलं लेकरूही गेलं. मागे राहिली एकटी रुख्मिणी, तेव्हा ती माझ्या पदराला धरून चालायची. भाऊजींनी दुसरं लग्न केलं नाही. दोन गोऱ्हे आणले आणि घरच्या लेकरांसारखे वाढवले. पुढे त्या जोडीनं शंकरपटात भल्याभल्यांचे बैल मागे टाकले. लोकांना वाटे, गड्याला शर्यतीचा नाद लागला. नाद कसला? दमणीच्या हलक्या गाडीला जुंपले की ते दोघं वाऱ्यासारखे बुलढाणा गाठत. भाऊजींना तेवढंच हवं होतं.

बैल पारखावा तर त्यांनीच. आजूबाजूच्या गावचे लोक त्यांना बाजाराला घेऊन जात. त्यांची रीत ठरलेली होती. ज्याचा बैल घ्यायचा त्याच्या गावी आदल्या दिवशीच मुक्कामाला जायचं, आणि सकाळी गोठ्यात बैल बसलेला असतानाच पोचायचं. म्हणायचे, "बसेल जनावर उठवून पाहाव. इकणारा उभंच दाखवते, तं समजाव का तो काही झाकून राह्यला."

रुख्मिणी वरवट बकालला दिली. तिला दिवस गेल्याची खबर आली तशी भाऊजींची झोप उडाली. माहेरी आणली ती दिवाळीच्या तोंडावर. गडावर जाऊन बल्लाळदेवीला मी खणनारळाचा नवस बोलले. भाऊजींनी काय बोलावं? "वयनी, देवीले मी एकच मांगतो. हिची माय वाटेत गेली, हे वाटेत नाही गेली पाह्यजे."

त्याच सुमारास बुलढाण्याचा भगवंतराव ठेकेदार त्या जोडीच्या मागे लागला. पटाचा शौकीन माणूस. त्याच्याकडे एक लाल मोटार होती. कुणा साहेबाची बदली जबलपूरकडे झाली तेव्हा त्यानं ती ठेकेदाराला देऊन टाकलेली. उघडी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील एवढी. साहेब ती शर्यतीत पळवायचा म्हणे. ठेकेदार म्हणाला, जोडी द्या, मोटार न्या. पळणाऱ्याला पळणारं.

सौद्याला आमच्या घरचे बरोबर होते, त्यांनी आल्यावर सांगितलं ते असं. ठेकेदारानं बैल आधी बसवले, मग उठवले. दात पाहिले, खूर पाहिले, जुंपून चालवले, पळवले. भाऊजींना आनंद झाला. म्हणाले, "पारखी हाये माणूस." मग मोटारीची पाळी आली. ती दारात गुरगुरतच उभी होती. भाऊजींनी बैठकीच्या फाटक्या कातड्यावरून हात फिरवला.

"कोणाची वापरेल हाये?"

"साहेबाची. त्याच्याही आधी दुसऱ्या साहेबाची."

"मंग चांगलंच हाये."

बुलढाण्याच्या सपाट सडकेवर एक चक्कर झाली. फेटा उडून पाठीमागे पडला. माघारी आले तेव्हा भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यानं की कशानं, ते यांना कळलं नाही. हे हळूच म्हणाले, "उकंडा, एक डाव बंद करून पाहू काय?"

"चालत्या बैलाले काऊन थांबवता?" भाऊजी म्हणाले, आणि बैलांचे कासरे ठेकेदाराच्या हातात दिले.

मोटार अमडापुरात आली तेव्हा अर्धं गाव वेशीवर. मी ओवाळलं, हळदकुंकू लावलं. रुख्मिणी अवघडलेली, दाराला धरून उभी. मी आपली म्हणाले, "भाऊजी, बाळंतीण निजंल कुठी यात?"

"निजाचं कशाले? घंटाभरात बुलढाणा. बसून जाईल माय माही."

रुख्मिणी म्हणाली, "मले बसवसान, अन् झुंबरमावशीले काय भोंग्यावर बसवता?"

झुंबरबाई म्हणजे आमची सुईण, अंगानं चांगली भरलेली. सगळे पोट धरून हसले, झुंबरबाई तर सगळ्यांत जास्त.

चिखली-खामगाव सडकेवर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवणारा पंजाबराव आमच्याच गावचा. भाऊजींना चालवायला त्यानंच शिकवलं. तो मोटारीखाली वाकून म्हणाला, "काका, हिचं पोट तं जमिनीले लागून राह्यलं. आपल्या वाटेचे चाकोरे इच्यानं निभतीन काय? अन् मोडली तं हिचं सामान मुंबईशिवाय भेटत नाही. बरं, हे थंड असताना चालू होते काय, ते पाह्यलं?"

"म्हंजे?"

"म्हंजे तुमचा बसेल बैल, काका."

लोक पुन्हा हसले. भाऊजीही हसले, पण मी त्यांचं तोंड पाहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच हँडल फिरवायचा आवाज आला. खूप वेळ येत राहिला. शेवटी धडधड सुरू झाली. मी सडा टाकत होते, तर मला म्हणाले, "सकाळी जनावर आळसतेच, वयनी." त्या रात्रीपासून ते मोटारीवर बैलांची झूल टाकू लागले. पोळ्याची, आरशांची. ती अजून घरात होती.

पौष लागला तशी थंडी वाढली. रुख्मिणीला कळा सुरू झाल्या त्या संध्याकाळी. झुंबरबाईनं रात्रभर केलं, मी जप करत उशाशी बसले. उजाडायच्या सुमारास ती बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "उकंडभाऊ, आता माह्या हातचं नाही. बुलढाण्याले न्या."

भाऊजींनी झूल ओढली. हँडल फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. मोटार एकदा खोकली आणि गप झाली. मी चुलीवरचं कढत पाणी आणून दिलं, ते त्यांनी तिच्यात ओतलं. पंजाबरावाला बोलवायला माणूस पळाला, तर तो आदल्या दिवशीच खामगावला मुक्कामाला. गडीमाणसांनी ढकलत मारुतीच्या उतारावर नेली. उतार संपला, मोटार उभीच. हँडल उलटं बसलं आणि भाऊजींच्या मनगटातून कळ गेली, तरी ते फिरवतच होते. तोंडानं म्हणत होते, "ऊठ व माय. ऊठ."

हे म्हणाले, "आपली गाडी जुपतो."

"तुह्ये बैल म्हतारे हायेत दादा!" भाऊजी ओरडले. "मनकर्णाचेही म्हतारेच होते! थांब, हे उठते. उठली का घंटाभरात नेते."

यांच्यासमोर त्यांनी आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. उन्हं अंगणात आली तेव्हा मोटार सुरू झाली. रुख्मिणीला दोघींनी धरून बसवली. निजायला जागा नाही, पाय लांब करायला नाही. ती दाताखाली पदर धरून बसली. धूळ उडवत ते गेले. मी आणि झुंबरबाई मागून आमच्या गाडीत निघालो, कारण मोटारीत तिसऱ्याला जागाच नव्हती.

यांनी बैल हाकले. वाटेत मी देवीचं नाव घेत होते आणि मनात म्हणत होते की आता पोचले असतील. आता दवाखान्याची पायरी चढले असतील.

चिखलीच्या अलीकडे नाला आहे, तिथं लाल काहीतरी दिसलं.

मोटार चाकोरीत पोटावर बसली होती. तोंडातून वाफ निघत होती. भाऊजी फेट्यात नाल्याचं पाणी भरून आणत होते. रुख्मिणी बाभळीखाली मातीत निजलेली. आमची म्हातारी जोडी तिथवर चालत पोचली होती.

तिला गाडीत उचलून घेतली. गाडीत जागा ऐसपैस होती, मी गोधड्या आणल्या होत्या. तिनं डोळे उघडले. म्हणाली, "बाबा, आपले बैल कुठी हायेत?"

भाऊजी गाडीचा कठडा धरून चालत होते.

लेकरू गाडीतच झालं. रडलं. झुंबरबाईनं ते माझ्या पदरात टाकलं आणि ती रुख्मिणीकडे वळली, पण रक्त थांबेना. चिखलीची झाडं दिसू लागली तेव्हा झुंबरबाईचे हात थांबले. मी रामनाम कानात सांगितलं. ऐकलं असेल तिनं, असं मी धरून चालते.

भाऊजींना सांगावं लागलं नाही. ते कठड्याला धरून तसेच चालत राहिले, गाडी थांबल्यावर थांबले.

तेराव्यानंतर भगवंतराव ठेकेदार समाचाराला आला. बैलजोडी बरोबर आणलेली. ओसरीच्या खालीच उभा राहिला. म्हणाला, "उकंडराव, म्या फसवलं नाही. तुम्ही येसान म्हणून चालू करून ठेवली होती, एवढंच. जोडी ठेवून घ्या."

भाऊजी खाली उतरले. दोघांच्या मानेवरून हात फिरवला. बैलांनी त्यांचा वास ओळखून तोंडं अंगाला घासली. मग म्हणाले, "तुम्ही उठवून पाह्यले ठेकेदार, म्या नाही पाह्यलं. घेऊन जा."

ठेकेदार डोळे पुसत गेला. मोटार नाल्यातून ओढून आणली ती गोठ्यामागे आहे. ते तिकडे जात नाहीत.

लेकरू माझ्याकडे आहे. वरवट बकालचे जावई येऊन पाहून गेले, म्हणाले, जरा अंग धरू द्या, मग नेऊ. अंग धरायला दूध पचलं पाहिजे. देवी, माझा नवस अजून फिटलेला नाही. एकीसाठी बोललेला तू या दुसऱ्यासाठी मोजून घे.

आज दिवा लावून बाहेर आले तर भाऊजींनी अर्धं दुपटं मांडीवर घेतलं होतं. ते कंदिलापुढे धरून एकेक तुकडा पाहत होते. बोटांनी ओढून पाहत होते.

"पाच घरचंच हाये ना?"

"हाव. पाच घरचं."

"धुऊन घेतलं?"

"दोन पाण्यांतून काढलं."

"हे शिवण उसवून राह्यली, वयनी. हे पाहा. अन् हा तुकडा पार इरला, याले अस्तर लावजा." त्यांनी दुपटं माझ्या हातात दिलं. "जुनंच बरं असते लेकराले. पन पाहून घ्याव."

मी बरं म्हणाले. ते उठले, उंबऱ्यातून आत डोकावून निजलेल्या लेकराकडे पाहिलं.

"नाव काय ठेवावं?" मी विचारलं.

"कडूबा ठेवा. कडू म्हणून तरी कोणी तोंड लावणार नाही." मग म्हणाले, "तुमची दुधाची चरवी देता काय? धनगराचा शेळ्यामेंढ्यांचा वाडा उतरला हाये माळावर. त्याच्याजवळ नुकती व्यालेली शेळी हाये म्हणते."

"आता? अंधारात काय दिसणार? उद्या ऊन पडल्यावर जा की. तो दारी आणून दाखवंल."

"दारी आणेल नाही पाहाची, वयनी. आज तिथंच पडतो. सकाळी उठताना पाहीन, माह्यासमोर पिळाले लावीन, तिचं पिल्लू पाहीन."

मी चरवी घासून पुसून दिली. त्यांनी ती काखेत धरली, खांद्यावर घोंगडं टाकलं, आणि माळावर शेळी पाहायला निघाले.