उजव्या बरगडीखालचं दुखणं

जुने कपडे उसवून नव्यासारखे करण्यात आत्याचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा: शिलाई मशीन, आरसा आणि एक बाक. भावाची नऊ वर्षांची मुलगी शाळा सुटली की त्या बाकावर अभ्यासाला बसायची आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करायची.

त्या वर्षी भाचीचं पोट दुखायला लागलं. दर आठ-पंधरा दिवसांनी. आईने जंताचं औषध दिलं. बाबा म्हणाले, "गणिताचा पेपर जवळ आला असेल!"

एका संध्याकाळी तळलेले बटाटे खाऊन भाची अर्ध्या तासात बाकावर दुमडून पडली.

"कुठे दुखतंय? बोट ठेव बघू."

तिने उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. "आणि इकडे खांद्यातपण."

आत्याने कात्री खाली ठेवली. सव्विसाव्या वर्षी हीच कळ तिने सोसली होती आणि पित्ताशय काढून टाकावं लागलं होतं.

"दादा, पोरीला पित्ताचे खडे झालेत."

"नऊ वर्षांच्या? काहीतरीच तुझं!"

"माझं दुखणं मला ओळखू येत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी तिने दादाला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. मुलांच्या डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोट दाबून पाहिलं, पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला आणि लगेच सोनोग्राफी सांगितली. पोटावर गार जेल लागताच भाची घाबरून म्हणाली, "मला बाळ होणारे?" बाबांना ठसका लागला. पडद्यावर तीन खडे दिसत होते.

"मुलांना खडे क्वचित होतात, पण होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते का झाले, हे शोधू या."

रक्त तपासल्यावर कारण सापडलं. तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या असायला हव्यात, त्याऐवजी चेंडूसारख्या गोल होत्या. त्या लवकर फुटत आणि त्यातला पिवळा रंग पित्तात साठून खडे बनत. हे घराण्यातून येतं असं कळल्यावर सगळे आत्याकडे पाहायला लागले. लहानपणी तिला 'पिवळी' म्हणायचे. पळताना धाप लागली की आळशी म्हणायचे. तिचं आणि दादाचंही रक्त तपासलं. दोघांचं तसंच निघालं, दादाचं फक्त जरा सौम्य!

"म्हणजे माझ्यामुळे?" दादाचं तोंड उतरलं.

"उगाच मनाला लावून घेऊ नकोस. मला तर बरंच वाटलं," आत्या म्हणाली. "आळशी नव्हते रे मी! एवढी वर्षं ऐकून घेतलं."

भाचीचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर चार बारीक छेद, बस्स. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना आत्याने वाकून पाहिलं आणि सर्जनना म्हणाली, "टाके सरळ आहेत हं."

"आपोआप विरघळतात ते."

"बाई गं! असा धागा मी वापरला तर गिऱ्हाइकं मला उभी चिरतील."

सर्जन इतके हसले की नर्स दारात आली.

पेशींचा दोष तसाच राहणार होता. त्यासाठी आत्या-भाचीला रोज एक गोळी आणि तिघांनाही वर्षातून एकदा तपासणी. महिन्याभराने डॉक्टरबाईंनी भाचीला पोहायची परवानगी दिली. आत्यानेही नाव घातलं आणि दोघींचे पोहण्याचे कपडे स्वतः शिवले. भाची आठवड्यात तरंगायला लागली. आत्या अजून काठ धरून पाय मारते, सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवते आणि वेळ संपली तरी बाहेर येत नाही.