अण्णाची स्टोव्हची पिन

अल ऐनहून वहिनीचा फोन आला, "हे गेले गं," एवढंच बोलली. माझा थोरला भाऊ, अण्णा... महिना झाला. इथे करामातल्या माझ्या घरात अजून मधेच रडू फुटतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त अभिमानच दाटून येतो.

अल ऐनच्या एका तांत्रिक संस्थेत तो इंजिनं शिकवायचा. वेड मात्र एकच: महायुद्धात जर्मनांनी विमानं पाडायला बनवलेल्या क्षेपणास्त्राचं द्रवइंधनी इंजिन. एकीकडून आम्ल, दुसरीकडून इंधन, आणि धारा भेटल्या की काडी न लावता पेट. "माणसं मारायला केलं, ते वाईटच," तो म्हणे, "पण डोकं बघ त्यांचं." त्या इंजिनाच्या धारा सोडणाऱ्या तोंडाचं पितळी मॉडेल त्यानं स्वतः कातून काढलं, साध्या पाण्यावर चालणारं. त्यात दोन वर्षं गेली. मग नवे प्राचार्य आले आणि रॉकेटचं नाव ऐकूनच बिथरले. कमिटीसमोर दाखवा, शिकवण्यापुरतं आहे हे पटलं तर ठेवू, नाहीतर भंगारात.

माझ्या भावाचं काम भंगारात? मी रजा टाकून गेले.

अण्णानं एका नळीत लाल पाणी सोडलं, दुसरीत निळं. निळी धार लालला चुकवून थेट प्राचार्यांच्या बुटावर. "उस्ताद, खलास?" मागून एक विद्यार्थी म्हणाला, पोरं हसली. अण्णानं वाकून पाहिलं. तिथल्या पाण्याचा क्षार भोकात बसला होता. त्यानं खिशातून पिन काढली... आईच्या रॉकेलच्या स्टोव्हची, पत्र्याच्या पट्टीला बारीक तार. भोकात घालत कमिटीला म्हणाला, "सर, धार अशी चुकली की खरं इंजिन फुटायचं. म्हणून आधी पाण्यावर बघायचं. हेच शिकवतो मी."

पुन्हा नळ उघडला. धारा हवेत भेटल्या आणि जांभळा पंखा पसरला. प्राचार्यांनी बूट पुसायचं सोडून पिन हातात मागितली, उलटीसुलटी पाहिली. "काचेच्या कपाटात ठेवा," मॉडेलकडे बोट दाखवून म्हणाले. माझी छाती अशी काय फुगली म्हणता! अण्णा मात्र मला एवढंच म्हणाला, "चल, घरी जाऊन चहा टाक."

मॉडेल अजून त्या कपाटात आहे. पिन वहिनीनं मला दिली. परवा गॅसची शेगडी एका बाजूनं पेटेना, तेव्हा त्या पिननंच भोकं साफ केली. ज्योत गोल, निळी लागली. मी चहा टाकला... घरी एकटीच होते, तरी दोन कप पाणी घातलं होतं.