अप्पांचा अंगठा

साखरेनं अप्पांची दृष्टी नेली, पण गप्पांची हौस काही नेली नाही. त्यांचे दोस्त सगळे अक्कलकोटकडचे, आणि सगळेच्या सगळे एका समाजमाध्यमावर ठाण मांडून बसलेले. लिहायचे अर्धं मराठी, अर्धं कन्नड. त्या माध्यमाच्या कंपनीचं वाचून दाखवणारं यंत्र कन्नड शब्द आला की गिळून टाकायचं. अप्पा वैतागायचे. मी पडले सॉफ्टवेअरवाली. म्हटलं, हात्तिच्या, मीच लिहिते की कोड! जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिलासुद्धा. कंपनीला विचारलं नाही. स्वतःच्या बापाला वाचून दाखवायला परवानगी कसली काढायची?

अप्पा लई खूश. एकच तक्रार.

"समोरचा बोलाय लागलाय आन् आपण गप बसायचं? हुंकार नको व्हय द्यायला?"

आमच्याकडे ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हं' म्हणायचं असतं, नाहीतर बोलणारा फुगून उठून जातो. म्हणून मी कोडात घातलं, एक पोस्ट वाचून झाली की तिला अप्पांचा अंगठा. झालं! कुणाचा नातू पास झाला, अंगठा. कुणाची म्हैस व्याली, अंगठा. एकाचे सासरे वारले, तिथंही अंगठा! त्या घरी फोन करून माफी मागताना माझी पुरती शोभा झाली. अप्पा मात्र निवांत.

"ऐकलं म्हणून सांगितलं की. त्यात काय चुकलं?"

कंपनीला मात्र ते खटकलं. इतक्या इमानानं प्रत्येकाला अंगठा देणारा माणूस असूच शकत नाही, असं त्यांना वाटलं असावं. अनधिकृत कोड सापडला म्हणून त्यांनी खातं गोठवलं. मी भडकून लांबलचक तक्रार लिहिली. उत्तर आलं ते छापील: कोड काढा, आणि खातेदार खरंच माणूस आहे हे कॅमेऱ्यासमोर सिद्ध करा, नाहीतर खातं कायमचं बंद. मेल्यांनो! पण करते काय? खातं गेलं असतं तर अप्पांची दिवसभराची सोबतच गेली असती. दातओठ खात कोड पुसला.

अप्पांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, टोपी नीट बसवली आणि फोनसमोर ताठ बसले.

"माणसासारखा दिसतोय न्हवं?" म्हणाले, आणि स्वतःच हसले.

स्क्रीनवर सूचना आली, ठिपका जिकडे जाईल तिकडे बघा. "डावीकडं बघा अप्पा, आता वर," मी सांगत होते, ते मान वळवत होते, पण माझं सांगून होईस्तोवर ठिपका भलतीकडेच पळालेला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी लाल अक्षरं उमटली: तुम्ही माणूस असल्याची खात्री पटली नाही.

"काय म्हणतंय?" अप्पांनी विचारलं.

एरवी माझ्या तोंडाला लगाम नसतो. त्या दिवशी मी नुसता फोन पालथा ठेवला.

"नेट गेलंय, अप्पा."

"मग आलं की परत बसू," ते म्हणाले, आणि टोपी न काढता तसेच ताठ बसून राहिले.